ताण, श्वास आणि ध्यान: आपल्या मराठवाड्यातल्या धावपळीत नेमकं काय जमतं?

जर्मनी_परभणी

नमस्कार मंडळी. ध्यान म्हटलं की आपल्याकडं एक तर हिमालयातला जटाधारी डोळ्यापुढं येतो, नाहीतर जाहिरातीतली समुद्रकाठची पांढऱ्या कपड्यातली बाई. मी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसतो. जून लागला की रांग बाहेरच्या पायरीपर्यंत जाते. सर्व्हर चालू असला तर अंगठा उमटत नाही, अंगठा उमटला तर आधारवरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नाही, आणि दरवेळी समोरचा माणूस माझ्याकडंच रागानं बघतो. त्याचं तरी काय चुकलं, काचेच्या ह्या बाजूला मीच असतो.

संध्याकाळी डोकं जड, घरी लेकरांवर खेकसणं, रात्री दोनला टक्क जाग. बीपी काठावर निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळीचं तीन महिन्यांनी बघू, तोवर मीठ कमी करा, चाला आणि श्वासाकडं जरा लक्ष द्या.

आता मी काय करतो ते सांगतो. आयुष्यभर कोळपं धरलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा, पुसून परत ठेवला की परत लाल. मग पदराला पुसायचा, केसातून फिरवायचा, तरी लाल. हा जो वेळ जातो ना, त्यात आधी माझा जबडा आवळलेला असायचा. आता मी नाकानं चार मोजत श्वास घेतो आणि सहा मोजत सोडतो. कुणाला कळत नाही. दहा सेकंदाला एक, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस होतात. एवढ्यानं सर्व्हर काही सुरू होत नाही, पण जिभेवर आलेलं तिरकं उत्तर तिथंच विरतं.

मला विचारायचंय ते हे. काहीजण म्हणतात श्वास मुद्दाम लांबवा, काहीजण म्हणतात हात लावू नका, नुसता बघा. खरं कोणतं? आणि "मन रिकामं करा" हे ज्याला जमलंय त्यानं कृपया समोर यावं, मला त्याचे पाय धरायचेत.

---

बालाघाट_डॉक्टर

अंबाजोगाईकडून नमस्कार. मी साधा जनरल प्रॅक्टिशनर, मानसोपचाराचा तज्ज्ञ नाही, तरी रोज जे बघतो त्यावरून लिहितो.

आधी एक करून बघा. मनगटावर नाडी धरा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. सोडताना शेवटच्या दोन-तीन आकड्यांना ठोके लांबल्यासारखे वाटतील. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात. तरुण पोरांत हे जास्त ठळक दिसतं. मेंदूतून निघून मानेतून छाती-पोटात उतरणारी व्हेगस नर्व्ह आहे, ती हृदयाला ब्रेकसारखी लागते, आणि श्वास सोडताना तो ब्रेक दाबला जातो. म्हणून सगळी किमया सोडण्यात आहे.

त्यामुळं "मोठ्ठा श्वास घे, अजून घे" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. घाबरलेला माणूस आधीच भराभरा श्वास ओढत असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. त्याला वाटतं अटॅकच आला. रात्री अकराला चार माणसं जीपमध्ये घालून आणतात, ईसीजी नॉर्मल निघतो. अशा वेळी सोडणं लांबवा म्हटलं की दहा मिनिटांत बोटं मोकळी होतात.

पण हेही नीट वाचा. छातीवर दाब, दरदरून घाम, हात किंवा जबडा भरून येणं असं असेल तर श्वास मोजत घरी बसू नका. आधी ईसीजी. तो नॉर्मल आहे की नाही हे आम्हाला ठरवू द्या.

---

तेरणाकाठ

वाचलं सगळं. छान हाय. आता माझं ऐका.

२०२५ च्या सप्टेंबरात पाऊस आला तवा आमच्या शिवारातलं नुसतं सोयाबीन न्हाई गेलं, माती गेली. खाली मुरूम दिसायलाय. जनावरं गेली कुणाची, कुणाच्या विहिरी गाळानं भरल्या. माती परत आणायची तर गाळाच्या ट्रॅक्टरला पैसे, ते आणायचे कुठून? आन तुम्ही म्हणायलाव चार मोजून घ्या, सहा मोजून सोडा. राग मानू नका, पण पोट भरलेल्या माणसाचे चोचले वाटायलेत हे. आमच्या ताणाला कारण हाय, ते कारण बँकेत हाय, बाजारात हाय, आभाळात हाय. नाकात न्हाई.

---

जर्मनी_परभणी

@तेरणाकाठ दादा, राग कशाचा. तुम्ही काचेच्या त्या बाजूनं बोलताय आणि मुद्दा खरा आहे. श्वासानं हप्ता फिटत नाही. असं कुणी सांगत असेल तर त्याला गावातून हाकलावं.

---

नागसेनवन

संभाजीनगरहून. @तेरणाकाठ यांचं म्हणणं बाजूला सारून पुढं जाऊ नये. पण ध्यान हे पोट भरलेल्यांसाठीच असतं हे मला मान्य नाही. आमच्या वस्तीत बांधकामावर जाणाऱ्या बाया बुद्धवंदनेनंतर आनापान करतात. दिवसभर घमेलं उचललेलं असतं. त्यांना त्यातून पैसा मिळत नाही, झोप मिळते.

मूळ प्रश्नाकडं येतो. आनापानात श्वासाला हात लावायचा नाही. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. नाकपुडीपाशी, वरच्या ओठाच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्या हवेचा स्पर्श जाणवतो का तेवढं बघायचं. इगतपुरीला सत्यनारायण गोएंका गुरुजींनी १९७६ मध्ये विपश्यनेचं केंद्र सुरू केलं, तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त हेच असतं. मौन, मोबाईल जमा, फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की ह्यात शिकण्यासारखं काय? दुपारपर्यंत कळलं की सलग पाच श्वाससुद्धा मी बघू शकत नाही.

आणि मन रिकामं वगैरे काही होत नाही, त्यामुळं पाय धरायची घाई करू नका. मन पळतं, पळाल्याचं लक्षात येतं, परत आणायचं. परत आणणं हाच व्यायाम. शंभरदा पळालं तर शंभरदा व्यायाम झाला.

आजकाल इंग्रजीतून जे माइंडफुलनेस म्हणून येतं त्याचा उगमही इथलाच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुन्या दुखण्यांनी पिचलेल्या रुग्णांसाठी कार्यक्रम काढला. त्यांनी धर्माचं नाव बाजूला ठेवलं, पद्धत बौद्ध आणि योगाची घेतली. आपल्या अजिंठ्याच्या विहारांत भिक्खूंच्या त्या छोट्या खोल्या बघा. पावसाळ्यात फिरणं बंद, वर्षावासात एका जागी राहायचं. आता आपण तीच गोष्ट ॲपचे पैसे भरून विकत घेतो, ह्याची मला गंमत वाटते.

---

योगी_जिंतूर

श्वास नुसता बघून काय होणार? मी रोज पहाटे कपालभाती आणि भस्त्रिका जोरात करतो. घाम निघतो, ताण पळतो. सगळ्यांनी हेच करावं.

---

बालाघाट_डॉक्टर

@योगी_जिंतूर, तुम्हाला मानवतं तर जरूर करा, पण "सगळ्यांनी" नको. बीपी वाढलेला, हृदयाचा त्रास, हर्निया, फिट येण्याचा इतिहास, नुकतंच पोटाचं ऑपरेशन, गरोदर बाई, ह्यांना हे जोरकस प्रकार सांगू नयेत. धागा काढणाऱ्याचाच बीपी काठावर आहे. शिवाय ह्या दोन्ही प्रकारांनी अंगात तरतरी येते. धावतं मन शांत करायचं असेल तर संथ श्वास, अनुलोम-विलोम (रोखून न धरता) किंवा भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं) बरी.

भ्रामरीबद्दल एक चांगली गोष्ट. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासापेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. त्याचा ताणाशी थेट संबंध नाही, पण गुणगुणायचं म्हटलं की श्वास सोडणं आपोआप लांबतं, आणि आपल्याला हवंय तेच.

---

नरसी_टाळ

नामदेवांच्या गावाकडचा आहे मी, हिंगोली जिल्हा. डॉक्टरसाहेब गुणगुणण्याचं म्हणाले म्हणून लिहितो. आमच्याकडं रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो. म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसतात, टाळ हळू, चाल संथ. एक चरण एका दमात म्हणायचा, मग श्वास. कुणी मोजत नाही. संपल्यावर लगेच उठून जावंसं वाटत नाही. हे त्यातच बसतं का?

आमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची. ओवी संपेपर्यंत दम पुरवायचा, खुंट्याच्या फेऱ्याबरोबर. तिला कुणी ताण आहे का म्हणून विचारलं नाही कधी. होता बहुतेक. सगळा ओव्यांमध्येच यायचा, सासूपासून दुष्काळापर्यंत.

---

बालाघाट_डॉक्टर

@नरसी_टाळ, बसतं, अगदी बसतं. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हूं" हा मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय-रक्तदाबाची लय जुळली. प्रार्थना कुठलीही असो, चाल संथ हवी. डीजेवरच्या भजनाला हे लागू नाही.

---

खुलताबादी

वाह, ये तो हमारे घर की बात निकली! माफ करा, मराठीत लिहितो. आमचे नाना खुलताबादला दर्ग्याच्या गल्लीत राहायचे. सूफी लोकांमध्ये पास-ए-अनफास म्हणून आहे, श्वासाची राखण. आत घेताना आणि सोडताना अल्लाहचं नाव, ओठ न हलवता. नाना सायकलचं पंक्चर काढतानाही ते करायचे, आम्हाला वाटायचं झोप आलीय त्यांना. चिश्ती बुजुर्ग बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दौलताबादेत येऊन राहिले, तेव्हापासून ह्या भागात ही माणसं आहेत. आज शहरात लोक त्यासाठी वर्कशॉप लावतात. नानांनी चहाचेसुद्धा पैसे घेतले नसते.

---

वसतिगृह_लातूर

नमस्कार. मी मूळची देगलूरची. लेकीच्या मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी लातूरला खोली घेऊन राहू लालेय. इथं सगळी गल्लीच आयांची. सकाळी डबा, दुपारी डबा, रात्री "किती मार्क पडले" हा एकच विषय. खरं सांगू का, पोरींपेक्षा आम्हालाच जास्त ताण.

लेकीला टेस्टमध्ये पहिले पाच प्रश्न वाचले की हात गार पडतात, अक्षरं दिसत नाहीत म्हणते. घरी येतं सगळं. तिच्यासाठी काय करावं? तिला अर्धा तास ध्यानाला बस म्हटलं तर ती मला वेड्यात काढील. तिच्याकडं जेवायला बारा मिनिटं असतात.

---

पाटोदा_मास्तर

ताई, मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, बीड जिल्हा. आमच्याकडं मित्र उपक्रमातून आनापान आलं. शासनाचं म्हणून सुरुवातीला आम्ही शिक्षकांनीच नाकं मुरडली, अजून एक रजिस्टर वाढलं म्हणून. पोरांना डोळे मिटा म्हटलं की एक जण फिदी फिदी हसतो आणि मग पूर्ण वर्ग.

मी एक युक्ती केली. पोरांना उताणं झोपवलं आणि प्रत्येकाच्या पोटावर त्याचीच वही ठेवली. वही वर गेली पाहिजे, खाली आली पाहिजे, पडता कामा नये. हसलं की वही पडते. आता बघा, तिसरीचा वर्ग, बाहेर ट्रॅक्टर चाललाय, आणि सगळ्या वह्या हळूहळू वर-खाली. वही वर जाते म्हणजे श्वास पोटानं घेतला जातोय, खांदे उचलून नाही.

ऊसतोडीला आई-बाप गेलेली लेकरं असतात आमच्याकडं, दिवाळीनंतर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यातला एक पोरगा सुट्टीतही वही पोटावर ठेवून पडायचा. मी काही विचारलं नाही. जे सांगायचं ते त्यानं पुढं कधीतरी स्वतः सांगितलं. ह्यात श्वासाचा वाटा किती आणि आपल्यापाशी कुणी शांत बसलं ह्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

लेकीला रात्री झोपताना वहीचा प्रयोग करायला सांगा. तिथं वेगळा वेळ लागत नाही.

---

बालाघाट_डॉक्टर

@वसतिगृह_लातूर, परीक्षेच्या बाकावर जमेल असं एक सांगतो. नाकानं श्वास भरायचा, तो भरला की त्यावरच आणखी एक छोटा श्वास ओढायचा, मग तोंडानं सावकाश, शेवटपर्यंत सोडायचा. दोन-तीनदा पुरे. हुंदके देऊन रडल्यानंतर लहान लेकरू आपोआप असंच करतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डचा एक अभ्यास आला, त्यात रोज पाच मिनिटं महिनाभर हे करणाऱ्यांची मनःस्थिती तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चिंता मात्र सगळ्याच गटांत उतरली.

दोन अटी. हे टेस्टच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही, घरी हाताला वळण लागू द्या. आणि पहिले पाच प्रश्न सोडून सहाव्यापासून सुरू केलं तरी चालतं हे तिला कुणीतरी सांगा. सगळं श्वासावर टाकू नका, काही गोष्टी पेपर सोडवण्याच्याच आहेत.

आणि ताई, तुम्हीही करा. आई खोलीत शांत असली की पोरीला अर्धं औषध मिळालं.

---

औसा_रोड

जरा वेगळं लिहिते. माझी आई सास्तूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी भूकंप झाला तेव्हा ती ढिगाऱ्याखाली होती. तिला बीपीसाठी कुणीतरी पहाटे उठून डोळे मिटून शांत बसायला सांगितलं. ती बसली आणि थरथरायला लागली. अंधार, शांतता आणि पहाट, तिन्ही एकत्र आलं. घरचे म्हणाले मनाची तयारी नाही. मला ते लागलं. सगळ्यांना एकच नुस्खा देऊ नये एवढंच म्हणायचंय.

---

नागसेनवन

@औसा_रोड ताई, बरं झालं लिहिलंत. ज्यांनी असं काही भोगलंय त्यांच्यात डोळे मिटून बसल्यावर जुनं उसळून येऊ शकतं. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल म्हणूनच विचारतात, तिथं खरं लिहावं. आईंना डोळे उघडे ठेवून, उजेडात, पाय जमिनीवर टेकवून बसू द्या. श्वास नको वाटला तर तळपायाचा स्पर्श बघायचा, किंवा दारातल्या तुळशीकडं बघायचं. चालत चालतही होतं. आणि नकोच वाटलं तर नको, त्यात कमीपणा नाही.

---

तेरणाकाठ

परत आलो. मागं जरा तोडून बोललो, पण मुद्दा सोडलेला न्हाई.

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला मोटार चालू करून मी बांधावर बसतो. मोबाईल घरी ठेवतो, कारण रात्री व्हॉट्सॲपवर भाव बघितला की झोप उडते. पाणी सरीत शिरल्याचा आवाज येतो, एक सरी भरली की उठून बारं मोडायचं, म्हंजी पाणी पुढच्या सरीत वळवायचं, परत बसायचं. त्या दोन तासात डोक्यात कर्ज येत न्हाई असं न्हाई, पण येतं आन जातं. घरात खाटंवर पडलो की येतं आन बसतं. ह्याला ध्यान म्हणायचं का?

---

जर्मनी_परभणी

दादा, माझ्या मते तर हेच. बारं मोडायला वेळेवर उठता म्हणजे लक्ष जागेवर आहे.

---

नागसेनवन

मी थोडा अडून बसतो. पाण्याचा आवाज ऐकत बसणं चांगलंच, पण ती जागा गेली की शांतताही जाते. खाटंवर पडल्यावर जे येतं आणि बसतं, तिथं उपयोगी पडावं म्हणून रोजचा थोडा सराव लागतो. पाण्याऐवजी तिथं श्वास ऐकायचा. तो खाटंवरही असतो.

आणि म्हणूनच मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. काउंटरवर, पेपरात, भांडणात श्वास बदला. रोजच्या दहा मिनिटांत बघा. दोन्ही वेगळी कामं आहेत, भांडण लावायचं कारण नाही.

---

बालाघाट_डॉक्टर

@तेरणाकाठ, तुम्ही कारण बँकेत आणि आभाळात आहे म्हणालात, ते खरंच आहे, आणि म्हणूनच एक सरळ विचारतो. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण उतरत नाही, कशातच मन लागत नाही, किंवा "आपण नसलेलं बरं" असं मनात येतंय का? तुमच्या किंवा आसपासच्या कुणाच्या? असेल तर तिथं श्वासाचा सल्ला पुरत नाही, आणि वेळही घालवू नये. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून सरळ जाता येतं. शेतकऱ्यांसाठीचा प्रेरणा प्रकल्पही त्यातच आहे. गावात नाव होईल वाटत असेल तर बीपी तपासायला चाललो म्हणून सांगा.

---

तेरणाकाठ

माझं तसं न्हाई डॉक्टर. शेजारी एक जण हाय, लई गप झालाय. नंबर लिहून घेतला. उद्या त्याला बांधावर बोलवतो, नुसता नंबर देऊन तो फोन लावायचा न्हाई. लावून मीच हातात देतो.

---

वसतिगृह_लातूर

मास्तर, वहीचा प्रयोग केला. लेक हसली आणि बायोलॉजीचं जाडजूड पुस्तक ठेवून घेतलं पोटावर, म्हणाली निदान ह्याचा काहीतरी उपयोग होऊ लालाय. एक विचारायचं होतं, ह्यासाठी कुठलं ॲप घ्यावं? खोलीतल्या एका आईनं वर्षाचे पैसे भरलेत.

---

पाटोदा_मास्तर

काही घेऊ नका ताई. ॲप उघडायला मोबाईल हातात घेतला की आधी मार्कांचाच ग्रुप दिसतो. खोलीत सेकंदकाट्याचं घड्याळ असेल ना? चार सेकंद आत, सहा बाहेर. जाड पुस्तकाऐवजी वहीच ठेवा मात्र, दाब पडला की पोट नीट उचलत नाही.